सोळा घरं, पाच रंग: कोणतेही दोन उचलले तरी फंक्शन बेंट कसं?

ग्राफवाली (अशोक चौक, सोलापूर)

प्रश्न लांबलाय, आधीच सांगते.

मी एम.एस्सी. गणित, दुसरं वर्ष. प्रोजेक्टला बेंट फंक्शन घेतलंय. घरात तेलुगू, शाळा मराठी, पुस्तकं इंग्रजी, त्यामुळे शब्द इकडचे तिकडे झाले तर सांभाळून घ्या. माझे वडील (नाना म्हणते मी) अक्कलकोट रोड एमआयडीसीत जॅकार्डचे (नक्षी विणणाऱ्या मागाचे) ग्राफ काढतात. आता चादरीपेक्षा टॉवेलच जास्त, पण ग्राफपेपर घरात ढिगाने. म्हणून मी चार बिटांचे (०-१ च्या चार-चार आकड्यांचे) सोळा व्हेक्टर वहीऐवजी ग्राफवर मांडले. ओळ म्हणजे पहिले दोन बिट, रकाना म्हणजे शेवटचे दोन, दोन्ही ००, ०१, १०, ११ या क्रमाने.

शून्य सोडून पंधरा घरं उरतात. त्यांचे तीन-तीनचे पाच गट केले, असे की गटातल्या कोणत्याही दोन व्हेक्टरांची बेरीज (बिटागणिक, हातचा न घेता) तिसरा व्हेक्टर यावी. म्हणजे प्रत्येक गटात शून्य टाकलं की दोन मितींची सबस्पेस होते, आणि पाचही सबस्पेस एकमेकींना फक्त शून्यात भेटतात. याला स्प्रेड म्हणतात एवढं वाचलंय. रंगांची पहिली अक्षरं लिहून ग्राफ असा झाला:

० प प प
क ल न ह
क ह ल न
क न ह ल

पिवळा, काळा, लाल, निळा, हिरवा. उदाहरणार्थ निळा म्हणजे ०११०, १०११, ११०१. पहिल्या दोघांची बेरीज करून बघा, तिसरा येतो.

आता कोणतेही दोन रंग घ्यायचे, त्या सहा घरांत १, बाकी दहांत ०. झालं फंक्शन. हे फंक्शन प्रत्येक रेषीय फंक्शनशी (एक व्हेक्टर ठरवायचा, त्यात जिथे १ आहे तेवढ्याच बिटांची तशीच बेरीज घ्यायची) ताडून बघायचं: किती घरांत जुळतं वजा किती घरांत जुळत नाही. अशा सोळा वजाबाक्या येतात. त्यांच्या वर्गांची बेरीज फंक्शन कोणतंही असो २५६ च असते (पार्सेवालचा नियम), म्हणून सगळ्या वजाबाक्या अधिक चार किंवा वजा चार आल्या तर फंक्शन कोणत्याच रेषीय फंक्शनकडे जास्त झुकलेलं नाही. तेच बेंट.

पाचातून दोन निवडायच्या दहा रीती. दहाही हाताने केल्या. दहाही बेंट! लाल-पिवळा घ्या, काळा-हिरवा घ्या, काही फरक नाही.

मला वाटलं सहा घरं असली की होतच असेल. म्हणून व्हेक्टरांना १ ते १५ क्रमांक देऊन सरळ ओळीने गट पाडले: १-२-३, ४-५-६ असे. पहिले दोन गट घेतले तर १००० शी ताडताना वजाबाकी आली वजा बारा. सपशेल आपटलं. म्हणजे सहाच्या आकड्यात काही नाही.

गाईड म्हणाले, 'ट्रिव्हियल आहे, कॅरेक्टर सम (अधिक-वजा चिन्हांची बेरीज) काढ.' काढला, दहा वेळा काढला, उत्तर आलं, कारण नाही आलं. दोन प्रश्न:

एक, निवड कोणतीही असली तरी का चालते?
दोन, तुकडे सबस्पेसच असायला हवेत का? दुसऱ्या कसल्या तुकड्यांची अशी विभागणी असते का, की कोणतेही निम्मे उचला आणि फंक्शन बेंट?

आणि एक गंमत. नाना चहाचा कप घेऊन मागे उभे होते. आतल्या तीन गुणिले तीनकडे बघून म्हणाले, "हे तीन ताण्यांचं ट्विल आहे की." ट्विल म्हणजे तिरप्या रेघांची वीण, ताणे म्हणजे उभे धागे. खरंच, लाल बघा, दर ओळीला एक घर सरकतो. हा योगायोग का, तेही कुणाला माहीत असेल तर सांगा.

जुना_मास्तर (सात रस्ता)

ताई, दहा वेळा केलंत तेच एकदा अक्षरांनी करा, कारण समोर येईल. मी खडू सोडून बरीच वर्षं झाली, पण हे लिहायला हात शिवशिवले.

एकूण मिती दोन म, प्रत्येक सबस्पेसची मिती म. तुमच्याकडे म दोन. एक व्हेक्टर अ घ्या, शून्य नसलेला, ज्याच्या रेषीय फंक्शनशी ताडायचंय. एका सबस्पेसवर त्या रेषीय फंक्शनच्या चिन्हांची (० ला अधिक एक, १ ला वजा एक) बेरीज करा. दोनच गोष्टी होऊ शकतात. अ त्या अख्ख्या सबस्पेसला लंब असेल (म्हणजे तिच्या प्रत्येक व्हेक्टरला अ चं फंक्शन ० देत असेल) तर सगळी चिन्हं अधिक, बेरीज दोनचा म घात. नसेल तर निम्मी अधिक, निम्मी वजा, बेरीज शून्य. सबस्पेस असण्याचा सगळा फायदा हाच, अधलंमधलं काही येत नाही.

आता कळीची गोष्ट. अ एकाच वेळी दोन सबस्पेसना लंब असू शकत नाही. कारण त्या दोघी शून्यातच भेटतात आणि दोघींच्या मितींची बेरीज दोन म होते, म्हणजे दोघी मिळून सगळी जागा व्यापतात. दोघींना लंब म्हणजे सगळ्यालाच लंब, म्हणजे अ शून्य. तेव्हा निवडलेल्या सबस्पेसपैकी अ ला लंब एकतर नेमकी एक, नाहीतर एकही नाही. तिसरी शक्यता नाही.

तुमचा हिशेब: दोन रंग, प्रत्येकातून शून्य वगळलेलं, म्हणून प्रत्येकी एक वजा. सहा घरांवरची बेरीज एकतर वजा २, नाहीतर वजा २ अधिक ४ म्हणजे २. वजाबाकी म्हणजे याची वजा दुप्पट: अधिक ४ किंवा वजा ४. अ शून्य असेल तेव्हा १६ वजा १२, पुन्हा ४. झालं.

यात कोणते रंग निवडले हे कुठे विचारलं का? किती निवडले एवढंच विचारलं. सर्वसाधारण म साठी दोनचा म-उणे-एक घात इतक्या सबस्पेस शून्य वगळून घ्या, किंवा एक जास्त घेऊन शून्यासकट घ्या. सहा बिटांना नवांतल्या चार, म्हणजे २८ घरं. आठ बिटांना सतरांतल्या आठ, १२० घरं. काम विभागणी करते, रंगारी नव्हे. तुमच्या १-२-३, ४-५-६ मध्ये १-२-३ सबस्पेस आहे, पण ४-५-६ नाही: ४ आणि ५ ची बेरीज १ येते. म्हणून घात झाला.

हे जॉन डिलनने १९७४ च्या प्रबंधात मांडलं, मेरीलँड विद्यापीठात. 'बेंट' हे नाव ऑस्कर रॉथॉसचं. त्याचा लेख छापून आला १९७६ ला, पण लिहिलेला दहा वर्षं आधीच. गुप्तलेखनाशी संबंध म्हटल्यावर कागद कपाटात पडून राहतात. रशियात एलिसेयेव आणि स्टेपचेन्कोव १९६२ च्या सुमारासच यावर होते. स्प्रेड त्याहून जुने, भूमितीवाल्यांचे, आंद्रेने १९५४ मध्ये त्यांवरून प्रतलं बांधली.

गाईडना ट्रिव्हियल म्हणू द्या. ज्याला आधीच येतं त्याला सगळंच ट्रिव्हियल.

पार्क_चौक_कट्टा

डोस्क्यावरून चाललंय बे सगळं. याचा उपयोग काय? चादर स्वस्त मिळणार का?

जुना_मास्तर

चादर नाही, कुलूप. कास्ट-१२८ नावाचं सांकेतिकीकरण आहे, कार्लाइल ॲडम्स आणि स्टॅफर्ड टॅव्हारेस यांचं. त्यातले कोष्टकांचे रकाने बेंट फंक्शनचेच. फंक्शन रेषीयाकडे झुकलेलं असलं की चोर त्या झुकण्याला धरून आत येतो. बाकी शेंगाचटणीच्या भावाबद्दल हा धागा काही करू शकत नाही.

ग्राफवाली

सर, 'रंगारी नव्हे' हे वाक्य मी नानांना वाचून दाखवलं. ते रागावले. रंगसंगतीवर त्यांचं पोट आहे.

पण कळलं. तुमच्या युक्तिवादाने आणखी एक दिसलं. वजा चार नेमके कुठे येतात? निवडलेल्या दोन सबस्पेसच्या लंब सबस्पेसवर, तीन अधिक तीन, सहा ठिकाणी. उरलेल्या दहा ठिकाणी अधिक चार. म्हणजे चिन्हांचा ग्राफ काढला तर तोही दोन रंगांचा तसलाच ग्राफ. आमची चादर उलटी केली की तीच नक्षी रंगांची अदलाबदल होऊन दिसते, हे त्याच्या जवळचं, पण तेच नाही. चादरीची उलटी बाजू म्हणजे ० च्या जागी १. हा मात्र लंब बाजूचा ग्राफ.

मग मोजत बसले. सोळा घरांत दोन मितींच्या सबस्पेस ३५. प्रत्येकीला शून्यातच भेटणाऱ्या दुसऱ्या १६. जोड्या ३५ गुणिले १६ भागिले २, म्हणजे २८०. चार बिटांची बेंट फंक्शनं एकूण ८९६ असतात, त्यांतली निम्मी, ४४८, सहा घरांची. त्यांतली शून्याच्या घरात ० असणारी किती? ४४८ चे दहा-सोळांश, २८०. तेवढीच! म्हणजे चार बिटांत सहा घरांचं, शून्य मोकळं सोडणारं प्रत्येक बेंट फंक्शन अशा दोन रंगांचंच असतं. हे कुठल्या पुस्तकात असेलच, पण मला रात्री दीडला पंख्याशिवाय सापडलं, म्हणून माझं.

भिशीची_खजिनदार (विडी घरकुल)

मी गणितातली नाही, बी.कॉम. आहे. पण पंधरा आणि तीन-तीन वाचून थांबले. आमच्या भिशीत पंधरा जणी. हॉलमध्ये एका टेबलाला तिघी, पाच टेबलं. मागे एकीने हट्ट धरला होता की सात महिन्यांत प्रत्येकीने प्रत्येकीबरोबर नेमकं एकदाच बसायचं. आम्ही चिठ्ठ्या टाकून बघितलं, तिसऱ्या महिन्यातच भांडणं. हे त्यातलंच आहे का?

जुना_मास्तर

त्यातलंच, वहिनी. १८५० साली कर्कमन नावाच्या पाद्र्याने हाच प्रश्न पंधरा शाळकरी मुलींवर विचारला होता. एका महिन्याची बैठक म्हणजे ताईंचा पाच रंगांचा एक ग्राफ. ३५ तिकड्या सात महिन्यांत पाच-पाच अशा वाटायच्या, एकही तिकडी परत नको. सोळा घरांवर असे स्प्रेड ५६ आहेत, त्यांतून एकमेकांत न अडकणारे सात निवडता येतात, २४० रीतींनी. प्रत्येकीला चार बिटांचा नंबर द्या. एका टेबलावरच्या तिघींच्या नंबरांची बेरीज शून्य आली पाहिजे. चिठ्ठ्यांनी होणार नाही.

भिशीची_खजिनदार

०००० कुणाला द्यायचा नाही ना? मग ठीक. नाहीतर ज्या बाईला मिळेल ती भिशी सोडेल.

हिप्परग्याचा (नोकरी पुण्यात, गाव सोलापूरच)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही म्हणून लिहितो. सबस्पेस हवेतच असं नाही. नुरदगुल अनबार आणि विल्फ्रीड माइडल यांनी २०२२ मध्ये 'बेंट पार्टिशन' या नावाने तुम्ही विचारलेलीच गोष्ट व्याख्या म्हणून मांडली: अशी विभागणी की तुकड्यांपैकी कोणत्याही निम्म्यांना १ आणि निम्म्यांना ० दिलं की फंक्शन बेंट. (दोनऐवजी तीन, पाच अशा मूळसंख्येवरही चालते, तेव्हा निम्मेऐवजी समान वाटे.) आधी स्प्रेड हेच तिचं ठळक उदाहरण होतं. मग स्प्रेड नसलेली निघाली.

आठ बिटांचं उदाहरण देतो, म्हणजे तुमच्या ग्राफवर मावेल. सोळा घटकांचं क्षेत्र (बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार चारही चालतात असा संच) घ्या, ज्यात ग या घटकाचा चौथा घात म्हणजे ग अधिक एक. शून्य सोडून पंधरा घटक हे ग चे घात: ०, १, २ ... १४. ओळ आणि रकाने बिटांच्या क्रमाने नाही, घातांच्या क्रमाने लावा. ट्विलचा उलगडाही इथेच आहे. 'य बरोबर स गुणिले क्ष' ही रेषा घातांत लिहिली की गुणाकाराची बेरीज होते, आणि ओळ एकने पुढे गेली की घर एकने सरकतं. चार घटकांच्या क्षेत्रात ०१, १०, ११ हा क्रम घातांचाच क्रम निघतो, म्हणून तुम्हाला आयतं ट्विल मिळालं. सोळाला बिटांच्या क्रमाने मांडलं असतं तर नक्षी विस्कटली असती.

आता रेषेऐवजी 'य बरोबर स गुणिले क्ष चा सातवा घात' घ्या. म्हणजे दर ओळीला सात घरं सरकायचं. प्रत्येक स साठी पंधरा घरं, स शून्य असेल तर ती डावीकडची उभी पट्टी. शून्याची ओळ अख्खी, सोळा घरं, वेगळी ठेवा. सातवा घात बेरजेला जुमानत नाही, म्हणून हे तुकडे (ती उभी पट्टी सोडून) सबस्पेस नाहीत. आणि हे सोळा तुकडे सुटे घेऊन कोणतेही आठ उचलले तर काही निवडींना फंक्शन बिघडतंच. पण चार-चारांच्या गठ्ठ्यांत बांधा:

पहिला: शून्य, आणि घात ०, ५, १०
दुसरा: १, २, ४, ८
तिसरा: ६, ७, ९, १३
चौथा: ३, ११, १२, १४

प्रत्येक गठ्ठ्यात ६० घरं. चारांतले कोणतेही दोन गठ्ठे, १२० घरं, बेंट. गठ्ठे कसे पाडले? स मध्ये स चा चौथा घात मिळवायचा. ज्यांचं उत्तर सारखं ते एका गठ्ठ्यात. अटी दोन. सात आणि पंधराला सामाईक भाजक नको, आणि साताला तीनने भागून बाकी एक किंवा दोन हवी.

प्रामाणिकपणे सांगायचं तर चार गठ्ठ्यांत मिळणारी फंक्शनं जुन्या ओळखीच्या, मायोराना-मॅकफार्लंड वर्गातली (दर ओळीवर रेषीय) असतात, कारण चार गठ्ठ्यांचे दोन-दोन वाटे नेहमी रेषीयच पडतात. खरी मजा बारा बिटांत. तिथे अकरावा घात घ्या, ५०४ घरांचे आठ गठ्ठे आणि ६४ घरांची एक ओळ, आठांतले कोणतेही चार. सत्तर निवडी, आणि त्यांतल्या सगळ्याच काही रेषीय नाहीत. तो ग्राफ मात्र ६४ गुणिले ६४ चा, रविवार जाईल.

ग्राफवाली

रविवार गेलाच, पण सोळाच्याच ग्राफवर.

पंधरा गुणिले पंधराचा ग्राफ काढला, एका स साठी दर ओळीला सात घरं सरकवून काळं केलं. नाना आले, चष्मा वर केला, म्हणाले, "साटीन कुणाला पाहिजे होतं?" मी म्हटलं, हे बेंट फंक्शन आहे. ते म्हणाले, "पंधरा ताण्यांचं साटीन, उडी सातची."

साटीन म्हणजे बांधणीची घरं (जिथे ताणा आडव्या धाग्याशी बांधला जातो) विखुरलेली असतात अशी वीण. मग त्यांनी मला त्यांचा नियम सांगितला. तो मी अनेकदा ऐकला असणार, लक्ष कधी दिलं नव्हतं. साटीनची उडी आणि ताण्यांची संख्या यांना सामाईक भाजक चालत नाही. हिप्परग्याच्यांची पहिली अट! मी विचारलं, का नाही चालत? म्हणाले, "पंधरावर तीनची उडी घे आणि बघ. पाच ताण्यांवर तीन-तीनदा बांधणी येईल, दहा ताणे लोंबकळत राहतील. ते कापड नाही, जाळं."

लॅपटॉपवर आधी सात घातला. शून्याची ओळ ० ठेवून दुसरा आणि तिसरा गठ्ठा घेतला. २५६ वजाबाक्या: १३६ ठिकाणी अधिक १६, १२० ठिकाणी वजा १६. बाकीच्या पाच जोड्यांनाही तेच. मग सगळं तसंच ठेवून फक्त साताच्या जागी तीन लिहिलं. पडद्यावर कुठे ४८, कुठे शून्य. कागदावर कारण शोधलं तर हिशेबात एक जागा आली जिथे 'क्ष चा तिसरा घात अमुक' याची उत्तरं मोजायची होती. पंधरांतल्या पाच अमुकांना तीन-तीन उत्तरं, दहांना एकही नाही. तिप्पट बांधणी तिथे सोळाचे अठ्ठेचाळीस, लोंबकळते ताणे तिथे शून्य.

नानांना ४८ दाखवले. त्यांनी आकड्याकडे पाहिलंच नाही. विचारलं ते एवढंच, की सातच का, आठ का नाही, आठचीही उडी बसते. मी सांगितलं की आठही चालतो, पण आठवा घात बेरजेला जुमानतो, त्याचे तुकडे पुन्हा सबस्पेसच होतात, नवं काही नाही. चौदाही चालतो, आणि ते तुकडे सबस्पेस नसतात. "चौदा म्हणजे उलट्या हाताचं ट्विल," ते म्हणाले आणि पेन्सिल मागितली.

आता टेबलावर चार रंगांचा सोळा गुणिले सोळाचा ग्राफ आहे, वरची ओळ पांढरी. दुसऱ्या गठ्ठ्याचा निळा त्यांना पसंत नाही, मरून करा म्हणतात. हिप्परग्याचे, बारा बिटांच्या त्या सत्तर निवडींपैकी रेषीय नसलेली एखादी लिहून पाठवाल का? चौसष्टचा ग्राफपेपर आहे घरात.